सासरेबुवांना चिकटवलेले शब्द

२ मार्च, सोमवार

आज आयुष्याला कलाटणी मिळाली. मोठ्या साहेबांनी सर्क्युलर वाचून दाखवलं. आमच्या डिस्पॅच सेक्शनमधल्या एकाला कंपनी मॅनेजमेंटच्या कोर्सला पाठवणार. पगार चालू. परत आल्यावर सेक्शन हेड. आणि कोर्सच्या पहिल्या दिवसापासून कंपनीचा फ्लॅट. अट एकच. ती कम्प्युटरवर द्यायची मोठी परीक्षा असते ना, तिच्यात इंग्रजी आणि गणित दोन्हींत कटऑफच्या वर मार्क हवेत.

गणिताची काळजी नाही. मी रोज खोकी मोजतो. इंग्रजीचीही नाही, कारण इंग्रजी मला येतं. फक्त शब्द येत नाहीत.

फ्लॅट म्हटल्यावर पुढचं मला ऐकूच आलं नाही. सासरी राहायला आलो ते घरमालकाने जागा सोडायला लावली म्हणून, दुसरी मिळेपर्यंत. अजून मिळतेय. घरजावई हा शब्द माझ्यासमोर कोणी उच्चारत नाही, पण मी खोलीत शिरलो की लोक विषय बदलतात. आपलं घर हवं. आपला नळ, आपली खुंटी, आपल्याला हवा तेवढा मोठा आवाज.

परीक्षा ११ एप्रिलला. भरपूर वेळ आहे.

३ मार्च

पुस्तक आणलं. जाडजूड. कठीण शब्द, अर्थ, उदाहरणं. निश्चय: रोज शंभर शब्द. रविवारी दोनशे.

संध्याकाळी पहिलं पान उघडलं. डोळे जड झाले. छपाई फार बारीक आहे. प्रकाशकाला कळवायला हवं.

५ मार्च

अजून अभ्यास केलेला नाही, म्हणून आजच सराव परीक्षा दिली. मुद्दाम. पाया किती भक्कम आहे ते बघायला. इंग्रजीत कटऑफच्या थोडंसंच खाली. एक अक्षर न वाचता! वाचल्यावर काय होईल या विचाराने छाती दडपली. आज विश्रांती.

७ मार्च, शनिवार

आमच्या सेक्शनमधला टायसुद्धा परीक्षेला बसतोय. (खोकी उचलतानाही टाय घालतो, म्हणून टाय.) जेवणाच्या सुट्टीत एक छोटंसं चोपडं वाचत बसतो. कोणाशी बोलत नाही. घोकंपट्टी. दया आली.

मी घोकणार नाही. पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलंय की शब्द लक्षात ठेवायचा तर तो एखाद्या चित्राला जोडा. मी यात सुधारणा केली. चित्राला कशाला, माणसाला जोडायचा. चित्र विसरतं, माणूस विसरत नाही. विशेषतः वाईट माणूस. या युक्तीला मी माणूस-पद्धत असं नाव दिलं आहे.

सुरुवात सासरेबुवांपासून. कारण एका माणसात इतके शब्द मावण्याची सोय दुसरीकडे नाही. वजनमापं खात्यात इन्स्पेक्टर होते. रिटायर झाले, पण मापायची सवय सुटली नाही. चहात साखर घालताना चमच्यावरची रास बोटाने सपाट करतात.

पार्सिमोनियस म्हणजे चिक्कू. सासरेबुवा. मी आंघोळीला गेलो की बाहेरून गिझर बंद करतात.

इरॅसिबल म्हणजे चटकन चिडणारा. सासरेबुवा. चप्पल उलटी पडलेली दिसली की सुरू.

ऑबड्युरेट म्हणजे काही केल्या न द्रवणारा. सासरेबुवा. खिडकीजवळची खुर्ची कोणाला देत नाहीत.

कॅलस म्हणजे दुसऱ्याच्या त्रासाचं काही न वाटणारा. सासरेबुवा. मी झोपलेलो असताना टीव्हीवरच्या बातम्या.

एका बैठकीत इतके शब्द पाठ. उगाच लोक या परीक्षेचा बाऊ करतात.

८ मार्च, रविवार

चांगल्या अर्थाच्या शब्दांसाठी माणूस शोधत होतो. असिड्युअस म्हणजे नेटाने, न कंटाळता काम करणारा. सॅगेशस म्हणजे शहाणा, दूरदृष्टीचा. मॅग्नॅनिमस म्हणजे मोठ्या मनाचा. हे सगळे स्वतःलाच जोडून घेतले. शोधाशोध वाचली.

जेवताना घरात जाहीर केलं. परीक्षा, कोर्स, फ्लॅट. ही म्हणाली बरं. औषधांच्या दुकानात दिवसभर डॉक्टरांचं अक्षर वाचून आलेली असते, तिच्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा नाही. सासरेबुवा मात्र घास घ्यायचे थांबले. फ्लॅट नक्की का, म्हणाले. नक्की, म्हटलं. ताबा कधी मिळतो, म्हणाले. म्हटलं, पास झालो की लगेच. मग त्यांनी विचारलं, दोघांनाही जावं लागेल ना. म्हटलं, अर्थातच, कुटुंबासाठीच असतो.

बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या नजरेत मला आदर दिसला.

१० मार्च

ऑफिसातून आलो तर खिडकीजवळच्या खुर्चीवर उशी. सासरेबुवा म्हणाले, जावईबापू, आजपासून तुम्ही इथे बसत जा, उजेड चांगला आहे. स्वतः जाऊन स्टुलावर बसले.

बसलो. खुर्ची उत्तम आहे. इतकी उत्तम की पान उलटायच्या आत डोळा लागला.

पण ऑबड्युरेटचं काय करायचं? उद्या दुसरं कारण शोधू.

१३ मार्च

टीव्ही बंद. बातम्यांच्या वेळी सासरेबुवा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जाऊन बसले. का, विचारलं तर म्हणाले, तुमच्या अभ्यासात व्यत्यय नको.

कॅलस गेला.

आज शंभर शब्दांपैकी एकही झाला नाही. एवढ्या शांततेत कोणाचं लक्ष लागणार.

१७ मार्च

गरम पाणी संपलंच नाही. मी वाट बघत होतो. साबण लावून थांबलो, की आता बंद होईल आणि पार्सिमोनियस पक्का होईल. नाही झालं. बाहेर आलो तर सासरेबुवा दारात टॉवेल घेऊन उभे. म्हणाले, सर्दी झाली तर अभ्यास बुडेल, म्हणून मीच लक्ष ठेवून होतो.

हा माणूस माझी व्होकॅब्युलरी पाण्यात घालणार.

१९ मार्च

हिच्याशी बोललो. म्हटलं, तुझ्या वडिलांना सांग, पूर्वीसारखे वागा. ही म्हणाली, म्हणजे कसे. पद्धत समजावून सांगितली. माझ्या बापाला एवढे शब्द चिकटवलेस आणि मला किती, म्हणाली. म्हटलं, तुला एकही नाही. (खोटं. दोन आहेत.) मग म्हणाली, पुस्तकात अर्थ छापलेले आहेत, ते सरळ पाठ करायला काय होतं तुला. हिला पद्धतीमागचं शास्त्र कळत नाही. संवाद थांबवला.

२२ मार्च, रविवार

आज दोनशे शब्दांचा दिवस. सकाळ गेली पेन्सिलींना टोक करण्यात. परीक्षा कम्प्युटरवर आहे हे नंतर लक्षात आलं. हात मोकळा झाला, हे काही कमी नाही.

दुपारी सासरेबुवा पुस्तक घेऊन समोर बसले. म्हणाले, मी शब्द विचारतो, तुम्ही अर्थ सांगा. बोट ठेवून ठेवून वाचत होते. कधी कधी वाचताना अडखळत, पण नेटाने. पहिलाच शब्द आला पार्सिमोनियस. आता त्यांच्या तोंडावर काय सांगणार? म्हटलं, हा आपण सोडून देऊ. मग इरॅसिबल. म्हटलं, हाही. मग कॅलस. ते म्हणाले, सगळेच कसे सोडता. मी म्हटलं, बाबा, हे मला इतके पाठ आहेत की वेळ घालवण्यात अर्थ नाही. त्यांना फार समाधान वाटलं. हिला हाक मारून सांगितलं, नवरा हुशार आहे तुझा.

२५ मार्च

रोज प्रश्नोत्तरं चालू. मला न येणारे शब्दही मी पाठ आहेत म्हणून सांगतो, कारण नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. पडलेला चेहरा बघवत नाही. शिवाय चेहरा बदलला की शब्द हलतात.

२८ मार्च, शनिवार

थेट उपाय. सासरेबुवांना चिडवायचं ठरवलं. इरॅसिबल परत बसवायला एक चांगलं भांडण पुरेल.

चपला उलट्या टाकल्या. त्यांनी सरळ केल्या.
चहात साखर कमी आहे म्हटलं. रास न मोडता अख्खा चमचा घातला. सपाट करायचं बोट मुठीत दाबून धरलं होतं त्यांनी, पण घातला.
त्यांचा चष्मा घेऊन खिडकीत ठेवला. तासभर शोधला बिचाऱ्यांनी. सापडल्यावर म्हणाले, वय झालं, मीच कुठेतरी ठेवतो.

शेवटी मलाच कसंतरी झालं. परत असं करणार नाही.

आजचे शब्द: शून्य. पण माणूस म्हणून बरंच शिकलो.

१ एप्रिल

निर्णय. सासरेबुवांचे सगळे शब्द टायकडे ट्रान्सफर. टायला आधीचा फक्त टॅसिटर्न होता, म्हणजे घुम्या. जागा रिकामी आहे.

दुपारी त्याच्याकडे टक लावून बघत शब्द बसवत होतो. पार्सिमोनियस टाय. इरॅसिबल टाय. त्याला वाटलं मला भूक लागलीय. डब्यातलं अर्धं सँडविच काढून माझ्यासमोर ठेवलं. एक शब्द बोलला नाही.

ट्रान्सफर रद्द. या जगात वाईट माणसं राहिलीच नाहीत का?

४ एप्रिल, शनिवार

एक आठवडा उरला. पुस्तकाचं पहिलं प्रकरण जवळजवळ संपत आलंय. बाकीची प्रकरणं पहिल्यासारखीच असणार. क्वालिटी महत्त्वाची.

निश्चय: उद्यापासून सकाळी लवकर उठणे.

५ एप्रिल

उठलो नाही. सासरेबुवा उठले होते, दोनदा हाक मारायला आले आणि मी गाढ झोपलेलो बघून परत गेले. दमलाय पोरगा, असं हिला म्हणाले म्हणे. पोरगा! मला आजवर त्यांनी जावईबापूच्या पुढे काही म्हटलेलं नाही. डोळ्यांत पाणी आलं. अभ्यासाचा मूड गेला.

१० एप्रिल, शुक्रवार

उद्या परीक्षा. आज काही वाचायचं नाही, डोकं ताजं ठेवायचं. गेले काही दिवस याच धोरणावर आहे.

ही म्हणाली, खरं सांग, झालाय का अभ्यास. म्हटलं, अगदी. ती म्हणाली, बाबांनी तुझ्यावर फार भिस्त ठेवलीय, एवढं लक्षात असू दे. म्हटलं, मग त्यांना दिसतंय ते तुला का दिसत नाही? ती दिवा घालवून झोपली.

११ एप्रिल, शनिवार. संध्याकाळ

सविस्तर लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

सासरेबुवा सोबत आले. नको म्हटलं तरी आले. सेंटरवर घड्याळ, फोन, पाकीट आत नेऊ देत नाहीत. ते सगळं रुमालात बांधून ते बाहेरच्या बाकावर बसले. दाराशी मला थांबवलं, आत एसी फार असतो म्हणे, आणि त्यासाठीच भर एप्रिलात घालून आणलेला अंगातला स्वेटर काढून मला दिला. त्यांच्या अंगाची ऊब होती त्याला अजून.

गणित ठीक. मग इंग्रजी.

पहिलाच प्रश्न पार्सिमोनियसचा. मनात म्हटलं, आलास घरी! माणूस-पद्धत लगेच चालू झाली, सासरेबुवांचा चेहरा लख्ख समोर आला. पण कसला चेहरा? अंगातला स्वेटर काढून देणारा. पर्यायांत 'उदार' होतं. क्लिक केलं.

इरॅसिबल. परत तेच. चष्मा शोधून दमलेले, आणि एक अक्षर न बोललेले. 'शांत स्वभावाचा'. क्लिक.

कॅलस. शेजाऱ्यांच्या घरी जाऊन बातम्या बघणारे. 'इतरांची काळजी घेणारा'. क्लिक.

तोवर मला शंका आली नव्हती. उलट इतका भरभर पेपर मी आयुष्यात सोडवला नाही. बाजूची मुलं घाम पुसत होती.

मग आला असिड्युअस. हा माझा शब्द. डोळे मिटून स्वतःला आठवलं. खिडकीजवळची खुर्ची, मांडीवर पुस्तक, मान एका बाजूला, तोंड उघडं. पर्यायांत 'सुस्त' होतं. मला माझा प्रामाणिकपणा नडला.

शेवटी स्क्रीनवर मार्क येतात. इंग्रजीचे आले. पाच मार्चला काही न वाचता पडले होते त्याहून कमी. म्हणजे मधल्या दिवसांत मी जो काही अभ्यास केला, तो वजा झाला.

खुर्ची पुढे ओढली. मग नीट वाचलं. वर स्पष्ट लिहिलंय, अनऑफिशियल. ऑफिशियल रिझल्ट ईमेलने येणार. ऑफिशियल म्हटलं की माणसं बसून बघत असतील. कम्प्युटरचं काय, तो घाईत असतो.

बाहेर आलो. सासरेबुवा उठून उभे राहिले. बसून बसून पाय आखडले होते त्यांचे. कसा गेला, म्हणाले. म्हटलं, झाल्यातच जमा आहे. फक्त ईमेल यायची बाकी आहे.

चष्मा काढून पुसला त्यांनी. मला माहीत होतं, म्हणाले. बसमध्ये खिडकीची सीट मला दिली.

१४ एप्रिल

सासरेबुवा आनंदात. सारखे बाहेर जातात, विचारलं तर हसतात. काहीतरी सरप्राइज शिजतंय.

१५ एप्रिल

आज आमच्या खोलीत टेप घेऊन आले. ओळखलं. कोर्सला जाणाऱ्या जावयाला सूट शिवतायत. मी काही न बोलता हात पसरून उभा राहिलो. ते भिंत मोजून गेले.

पडदे असतील. नव्या फ्लॅटसाठी. पण मग आमच्या भिंतीचं माप कशाला? वय झालंय त्यांचं, असो.

२२ एप्रिल, बुधवार

ईमेल आली. मार्क तेच. माणसांनीही बघितलेलं दिसत नाही.

मोठ्या साहेबांनी टायचं नाव जाहीर केलं. टायने माझा हात हातात घेऊन हलवला. आजही काही बोलला नाही. निदान टॅसिटर्न तरी मला बरोबर आला असता. तोच विचारला नाही त्यांनी.

हिला सांगितलं. मला परीक्षेच्या दिवशीच कळलं होतं, म्हणाली. मग बोलली का नाहीस? तर म्हणे, तू कधी सांगतोस ते बघत होते. बाबांना कोण सांगणार, असं तिने विचारलं. म्हटलं, मीच सांगतो. उद्या. चांगला मूड बघून.

२३ एप्रिल

मूड बघायची वेळच आली नाही. सकाळी मी टॉवेल गुंडाळून उभा असताना बेल वाजली. सुतार आणि दोन हमाल, मध्ये एक प्रचंड टेबल. ड्रॉवर, कप्पे, वर आडवी दांडी. सासरेबुवांनी आमच्या खोलीचं दार उघडून धरलं आणि सुताराला म्हणाले, ही खोली महिनाअखेर रिकामी होतेय, तोवर त्या कोपऱ्यात लावून ठेवा.

त्यांच्याकडे जुने तराजू आहेत. नोकरीत असल्यापासून जमवलेले. खोक्यांमधून गच्चीत पडलेले असतात. ते दुरुस्त करायला, टांगायला हे टेबल. आमची खोली रिकामी होईल म्हणून भिंतीचं माप घेऊन बनवून घेतलेलं. हे सगळं ते मला सांगत होते. कामाला बसायला आपली अशी एक जागा असावी, एवढीच माझी इच्छा होती, म्हणाले. तुमच्यामुळे झालं हो.

तेव्हा सांगावं लागलं. टॉवेलवरच. बाबा, मी नापास झालो.

सुतार छताकडे बघायला लागला. सासरेबुवांना आधी कळलंच नाही. पण तुम्हाला सगळे शब्द पाठ होते, म्हणाले. म्हटलं, नव्हते. एकही नव्हता. मी तुम्हाला खोटं सांगत होतो.

ते टेबलावर हात ठेवून उभे राहिले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मला फार वाईट वाटलं. मी पास होईन यावर अख्ख्या जगात मनापासून विश्वास ठेवणारा हा एकच माणूस होता. मला धरूनही एकच. आम्ही जावं म्हणून ठेवला असेल, पण ठेवला होता.

मग त्यांनी सुताराला विचारलं, परत नेता येईल का. सुतार म्हणाला, मापाने बनवलंय साहेब, दुसरीकडे कुठे बसायचं नाही. शेवटी ही आली आणि हमालांना म्हणाली, पलंग भिंतीकडे सरकवा आणि टेबल आत घ्या.

२४ एप्रिल, शुक्रवार

टेबल बसलं. उठताना मला आता पलंगाच्या पायथ्याकडून उतरावं लागतं.

सासरेबुवा सकाळी सकाळी आत आले. आम्ही दोघं पांघरुणात. आमच्याकडे न बघता खुर्ची ओढली, दांडीला पहिला तराजू टांगला आणि फडक्याने पुसायला बसले. हिने कूस बदलली. म्हटलं, बाबा, मी परत परीक्षा देणार आहे, यावेळी सरळ पाठ करून. बरं, म्हणाले. पुसत राहिले.

थोड्या वेळाने मी खोलीचं दार लोटायला गेलो. लागेना. टेबलाचा कोपरा मध्ये येतो. खूप रेटून पाहिलं, टेबल हलवायचा प्रयत्न केला, पण ते भिंतीला स्क्रूने पक्कं केलंय. सासरेबुवा म्हणाले, राहू द्या उघडं, हवा खेळती राहील.